एआय फॅड आहे की टिकणार? डीटीपीवाल्याने वर्षाचे पैसे भरावेत का?

जांभळीनाका_डीटीपी

ठाण्यात जांभळी नाक्यामागच्या गल्लीत माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांच्या एजीएमच्या नोटिसा, उत्तरकार्याची पत्रं, दहीहंडी-नवरात्राचे बॅनर, आणि अर्थात साहेबांचे वाढदिवस. दोन ऑपरेटर आहेत. त्यातली एक लग्न होऊन बदलापूरला चालली आहे, तिच्या जागी माणूस बघायचा आहे. भाचा म्हणतो, मामा, माणूस कशाला, चित्राचं एक, लिखाणाचं एक अशी दोन एआय टूल्स घे, वर्षाचे एकदम भरलेस तर स्वस्त पडतं.

थोडं वापरून पाहिलं आहे. बॅनरची पार्श्वभूमी अर्ध्या मिनिटात मिळते, यात वाद नाही. पूर्वी ढग आणि सोनेरी किरणं शोधण्यात आमची सकाळ जायची. चित्रातच मराठी अक्षरं मागितली की जोडाक्षरांचा चुराडा होतो, म्हणून अक्षरं अजून कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्येच लावतो. प्रुफात ऱ्हस्व-दीर्घ बरंच पकडतं, माझ्यापेक्षा जास्तच. पण परवा पत्रिकेचं मॅटर नीट करायला दिलं तर मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांचा होता, तो एआय साहेबांनी साडेबारा करून टाकला. आणि खाली विनीत मंडळींची नावं चक्क बाराखडीच्या क्रमाने लावली. वराचे आजोबा शेवटून दुसरे! अशी पत्रिका छापून दिली तर मंडपात मला कोण उभं करेल?

तर प्रश्न असा. हे पाच वर्षांनी असणार आहे का, की थ्रीडी टीव्हीसारखं माळ्यावर जाणार? खरं कळलं तर माणूस ठेवायचा की टूल घ्यायचं ते ठरवता येईल.

ऐरोली_कंटाळलेला

फॅड. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये फेसबुकने कंपनीचं नाव बदलून मेटा केलं तेव्हा आमच्या ऑफिसात मेटाव्हर्सवर अख्ख्या दिवसाचं वर्कशॉप झालं होतं. पुढची मीटिंग डोळ्यावर चष्मा लावून होणार होती. त्याआधी ब्लॉकचेन. आता त्याच सरांनी स्लाइडवरचा शब्द बदलला आहे. फुकटात मिळतं तेवढं वापरा, पैसे भरू नका.

जांभळीनाका_डीटीपी

दादा, मेटाव्हर्सचं काम घेऊन माझ्या काउंटरवर एकही गिऱ्हाईक आलं नाही. एआयचं रोज येतं. मंडळाची पोरं बाप्पाचं चित्र स्वतःच बनवून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि म्हणतात, याचा वीस बाय दहा फुटी काढून द्या. हजारभर पिक्सेलचं चित्र, त्यात व्हॉट्सअ‍ॅपने आणखी पिळलेलं. वीस फुटांवर ताणलं की बाप्पाचे डोळे चौकोनी होतात. मग बसायचं दुरुस्त करत. म्हणजे काम गेलं नाही, पण वेगळं झालं, आणि या दुरुस्तीचे पैसे मागितले की पोरांना राग येतो.

निवृत्त_लेजरकीपर

मी १९८१ ला बँकेत लागलो, बरीच वर्षं ठाण्यातच काढली. तुमचा प्रश्न आम्ही कँटीनमध्ये पुष्कळ चघळला आहे. १९८३ मध्ये युनियन आणि बँकांचा यंत्रांबाबत करार झाला, १९८४ मध्ये बँकांच्या संगणकीकरणावर रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि पुढे शाखेत एएलपीएम नावाची मशीनं आली. अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन, म्हणजे खातेवहीतल्या नोंदी करणारं यंत्र. त्यावर बसायला भत्ता होता, त्यामुळे भांडणंही होती. कोणी म्हणे हे दोन वर्षांचं खूळ, कोणी म्हणे आता आपण घरी. काही वर्षांत पूर्ण शाखा संगणकावर गेली, मग सगळ्या शाखा एकत्र जोडणारं कोअर बँकिंग आलं आणि ती एएलपीएम भंगारवाल्याने नेली. हाताने लिहायचं लेजर मात्र परत आलं नाही. ज्यांनी फक्त त्या मशीनच्या कळा पाठ केल्या होत्या ते पुन्हा पहिलीत बसले. ज्यांना खातं जुळवता येत होतं त्यांना कुठलंही मशीन चाललं.

म्हणून वर्षाचे पैसे भरू नका असंच सांगेन. एआय जाईल म्हणून नव्हे. तुम्ही आज घेतलेलं टूल वर्षभर पहिल्या नंबरवर राहील याची खात्री कोण देणार? महिन्याचं घ्या. महाग पडलं तरी सुटता येतं.

शेअर घेण्याबद्दल विचारलं नाहीत ते बरं केलंत. २००० च्या मार्चमध्ये अमेरिकेचा नॅसडॅक हा शेअर निर्देशांक पाच हजारांवर होता, २००२ च्या ऑक्टोबरात अकराशेच्या आसपास आला. इंटरनेट कुठे गेलं का? पण वर घेणाऱ्याला मुद्दल दिसायला २०१५ उजाडलं.

रबाळे_नाइटशिफ्ट

मी रबाळ्याच्या एका डेटा सेंटरमध्ये इलेक्ट्रिकलला आहे, म्हणून जरा दुसऱ्या बाजूने. ठाणे-बेलापूर पट्ट्यात जिथे केमिकलच्या कंपन्या होत्या तिथे आता बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या राहतायत. समुद्राखालच्या इंटरनेटच्या केबल मुंबईला लागतात, एमआयडीसीची जमीन आहे, वीज आहे. साधा सर्व्हर रॅक पाच-दहा किलोवॅट खातो. एआयसाठीचा, एनव्हिडिया या चिपवाल्या कंपनीचा हल्लीचा ७२ चिपांचा रॅक एकटा १२० च्या आसपास जातो. त्याला नुसती थंड हवा पुरत नाही, चिपपर्यंत पाणी खेळवावं लागतं. इतका पैसा लोक खुळापायी ओततील का? ओततात की! विलायतेत १८४० च्या दशकात रेल्वेच्या शेअरचा फुगा असाच फुटला. पण रूळ राहिले आणि १८५३ ला आपल्या ठाण्यापर्यंत गाडी आलीच.

इथे मात्र एक फरक आहे, तो फारसं कोणी बोलत नाही. रूळ दशकानुदशकं चालतात. २००० च्या पडझडीआधी जमिनीत पुरलेली इंटरनेटची फायबर नंतरही तशीच होती, पुढे ती स्वस्तात वापरात आली. एआयच्या चिपा चार-सहा वर्षांत जुन्या होतात. उद्या फुगा फुटला तर इमारत, सबस्टेशन, चिलर राहतील, आतलं सोनं मात्र शिळं झालेलं असेल. म्हणून तंत्र टिकेल यावर माझा विश्वास आहे, आजच्या दराने टिकेल यावर नाही. यातली सगळ्यात गाजलेली कंपनीही अजून तोट्यात आहे. आज तुम्ही जे महिन्याला भरता त्यात गुंतवणूकदार पदरचे घालतोय. काका म्हणतात तसं महिन्याचंच घ्या, आणि दुकानाचा हिशोब करताना तो आकडा दुप्पट धरून बघा. तरीही परवडत असेल तर परवडलं.

आणखी एक. ही मॉडेलं मजकूर तुकड्यांत मोडून वाचतात. देवनागरीचे सहसा इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात. म्हणजे त्याच मजकुराला मराठीत तुमचा कोटा लवकर संपतो.

चरई_जुना_प्राध्यापक

फॅड की टिकाऊ, हे एआयच्या बाबतीत आळीपाळीने चालत आलं आहे. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजातल्या १९५६ च्या उन्हाळी बैठकीच्या निमित्ताने हे नाव पडलं. १९७३ ला ब्रिटनमध्ये लाइटहिल अहवालाने वाभाडे काढले आणि तिथला पैसा आटला. १९८० च्या दशकात एक्स्पर्ट सिस्टिमची, म्हणजे तज्ज्ञांचे नियम भरलेल्या प्रोग्रामची लाट, जपानचा पाचव्या पिढीचा संगणक, आणि पुन्हा थंडी. प्रत्येक लाटेतून जे उपयोगी निघालं त्याला कुणी एआय म्हणेनासं झालं. स्कॅन केलेल्या कागदावरची अक्षरं ओळखणं, स्पॅम मेल अडवणं, घोडबंदर रोड तुंबला असताना फोनने दुसरा रस्ता सुचवणं. या खेपेला अशी कामं फार जास्त आहेत. प्रथिनांचे आकार ओळखणाऱ्या अल्फाफोल्ड या एआयच्या कर्त्यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, तो जाहिरातीवर मिळत नाही.

तुमचा मुहूर्त साडेबारा का झाला तेही सांगतो. ते यंत्र तुमचं मॅटर कॉपी करत नाही, पुढे कोणता तुकडा येणं जास्त संभवतं ते ठरवत नव्याने लिहितं. जगातल्या मजकुरात साडेबारा जास्त, बारा सदतीस कमी. नावं, तारखा, वेळा त्याच्याकडून लिहून घेऊच नका. चुका फक्त दाखव, बदलू नकोस, असं सांगा आणि तरी मूळ प्रतीशी ताडून बघा.

जांभळीनाका_डीटीपी

सगळ्यांचे आभार. रबाळेवाल्या दादांचा दुप्पट आकडा धरून रात्री हिशोब केला. चित्राचं टूल तरीही परवडतं, लिखाणाचं महिन्याचं घेऊन बघेन. आणि माणूसही ठेवतोय. भाच्याला आवडलं नाही. पण माझ्याकडे राहिलेली ऑपरेटर ताई गिऱ्हाइकाला फोन लावून विचारते, अहो, धाकट्या काकांचं नाव राहिलंय का मुद्दाम गाळलंय? हे विचारायला घरातली भांडणं माहीत असावी लागतात. नव्या पोराला ती हे शिकवेल, टूल चालवायचं तो तिला शिकवेल. माझ्या वडिलांच्या वेळी प्रेसमध्ये अक्षरांचे खिळे जुळवणारे होते. आम्ही पेजमेकर हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर शिकलो आणि त्यांची कामं गेली, त्यामुळे मी फार तक्रार करत नाही.

एकच शंका राहिली. पत्रिकेच्या मॅटरमध्ये घरचे पत्ते, फोन नंबर असतात. सोसायटीवाले थकबाकीदारांची यादी देतात. ते सगळं टूलमध्ये टाकलं तर चालतं का?

रबाळे_नाइटशिफ्ट

नाही. नंबर, पत्ते आधी काढा, मगच टाका. सेटिंगमध्ये तुमचा मजकूर ट्रेनिंगला वापरू द्यायचा की नाही असा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो, तो आधी बंद करा. थकबाकीदारांची यादी तर अजिबात नको, ती ताईंनाच टाइप करू दे.