इटालियन शिकताना आधी सिलेबल तोडायला कशाला लावतात?

सांजवारा:
इटालियन क्लासमध्ये सुरुवातीलाच शब्द तोडायचा सराव देतात, पा-स्ता, नोत्-ते, फि-ने-स्त्रा. मला हे अजिबात पटत नाही. शब्द कुठे तुटतो ते कळलं म्हणून जोर कुठे येतो ते थोडंच कळतं? जोर शेवटून दुसऱ्या सिलेबलवर असं सांगतात, रोमा, मिलानो, तोरीनो इथवर ठीक, पण नापोली, जेनोवा, पादोवा, बेर्गामो, तारांतो, रीमिनी सगळीकडे तो पहिल्याच सिलेबलवर आहे. आणि लिहिताना जोराची खूण कधी सक्तीची, तर शेवटच्या स्वरावर जोर असला तर, चित्ता (म्हणजे शहर), पेर्के वगैरे. त्यापेक्षा आधी भरपूर ऐकवा आणि नवशिक्यांच्या पुस्तकात प्रत्येक शब्दावर जोराची खूण छापा.

मूगडाळ:
साफ असहमत. जोर असलेलं सिलेबल स्वरावर संपलं की तो स्वर लांबतो (शब्दाचं शेवटचं सिलेबल सोडून), व्यंजनाने बंद झालं की आखूड. फा-तो म्हणजे नशीब, त्यात आ लांब. फात्-तो म्हणजे केलेलं, तिथे आखूड. तोडणी न कळता हा फरक कसा समजावणार?

सांजवारा:
मग पास्ताचं काय? शाळेच्या नियमाने पा-स्ता, म्हणजे तुमच्या हिशेबाने पाऽस्ता व्हायला हवं. पण तिथला आ आखूडच असतो, म्हणून तर ध्वनिशास्त्रवाले पास्-ता असं तोडतात. शाळेतला नियम ओळ संपली की शब्द कुठे मोडायचा त्यासाठी आहे, तो उच्चाराला लावू नका.

रानजाई:
पास्ताचं बरोबर आहे, पण त्या एका 'स'पायी सगळंच कशाला मोडीत काढायचं? नोत्तेमधला 'त्त' आपल्याला सहज जमतो, रोज जोडाक्षरं बोलतो आपण. घोडं अडतं ते जोरावर, कारण मराठीत जोर हलवून शब्दाचा अर्थ बदलत नाही आणि इटालियनमध्ये बदलतो. कापितानोत 'ता'वर जोर दिला तर कप्तान, 'का'वर दिला तर 'घडतात'. क्रियापदं तर विचारूच नका, पार्लोमध्ये जोर 'पार'वर, पार्लियामोत पुढे 'लिया'वर, आणि पार्लानोत परत 'पार'वर. हे तोडून, तक्ता करूनच डोक्यात बसतं.

सांजवारा:
तक्ता करा, पण तेलेफोनानो घ्या, 'ते फोन करतात', जोर 'ले'वर, शेवटून चौथा. बोलताना कोण मोजत बसणार? तेलेफोनो, 'मी फोन करतो', हे कानात पक्कं असेल तर जोर कुठेय ते आधीच माहीत असतं, दोन्हीकडे 'ले'वरच आहे.