भाताचं क्षेत्र घटतंय तरी उत्पादन वाढतंय?

प्रश्न: जिल्ह्याची आकडेवारी बघतेय, भाताखालचं क्षेत्र दरवर्षी कमी होतंय पण एकूण उत्पादन वाढताना दिसतंय, हे कसं काय?

उत्तर: हेक्टरी उतारा वाढला की होतं तसं. १९६६ ला आयआर८ ही बुटकी जात आली, भरपूर खत घातलं तरी पीक लोळत नाही, तिथनं उतारा चढत गेला आणि पाण्याची सोय असेल तिथे तर वर्षात भाताचं दुसरं पीकपण घेतात.

उत्तर: आधी आकडा भाताचा (म्हणजे टरफलासकट दाण्याचा) आहे का तांदळाचा ते बघा! १०० किलो भात भरडला की तांदूळ साधारण ६५-७० किलोच निघतो, दोन्ही आकडे मिक्स झाले की नसलेली वाढ दिसते.

उत्तर: एका वर्षाच्या आकड्यावर जाऊ नका प्लीज, फुलोऱ्यात पारा ३५ च्या वर गेला की दाणे पोचट राहतात आणि त्या वर्षीचं उत्पादन घटतं.