रस्त्यावर अनोळखी माणसाचा फोटो काढताना - तुमचे अनुभव लिहा

मीच सुरुवात करतो. गेल्या रविवारी बेळगावात गणपत गल्लीत मोबाईल घेऊन फिरत होतो, खानापूरकडची एक म्हातारी रताळ्यांचा ढीग मांडून बसलेली, नखांत लाल माती, ऊन बरोबर तोंडावर. दोन फोटो काढले तसा तिनं पदर ओढला. "नको रे बाळा, मी बाजारात बसते ते पोराला ठाऊक नाही." तिच्यासमोरच डिलीट केले, पण दिवसभर चैन पडली नाही. तुम्हाला असं कधी झालंय? काढणाऱ्यांनीही लिहा आणि ज्यांचा काढला गेला त्यांनीही.

शहापूरची लेक
शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत आम्ही लेझीम खेळत होतो. गर्दीचा व्हिडिओ कुणी काढला तर काही वाटत नाही ओ, पण एकानं फक्त माझ्यावर झूम करून रील टाकलं, खाली घाण कमेंट. काढून टाक म्हणून तीन दिवस मेसेज करत होते. तो म्हणतो, रस्त्यावर नाचलीस की!

वकील, टिळकवाडी
ताई, रस्त्यावर फोटो काढायला सरसकट बंदी करणारा कायदा आपल्याकडं नाही, त्याचाच हे लोक आधार घेतात. खासगी अवयवांचा फोटो संमतीशिवाय काढला-पसरवला तर आयटी कायद्याचं कलम 66ई लागतं, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण 2017 साली सुप्रीम कोर्टाच्या 9 न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवलाय, आणि रस्त्यावर आलं म्हणून माणूस तो हक्क घरी ठेवून येत नाही. रीलचे आणि कमेंटचे स्क्रीनशॉट लिंकसकट जपून ठेवा, 1930 हा हेल्पलाइन नंबर पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, तुमची तक्रार सायबर क्राइम पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात.

निपाणीकर
माझी मावशी. डोक्यात जट, दरवर्षी सौंदत्तीला यल्लमाच्या डोंगरावर जाते. मोठ्या लेन्सवाल्या कुणीतरी लांबून फोटो घेतला आणि नंतर तो एका प्रदर्शनात लागला, खाली लिहिलेलं "देवदासी". मावशीला तीन पोरं, नातवंडं, काका अजून शेतात जातात. कर्नाटकात मुली देवाला सोडायला 1982च्या कायद्यापासून बंदी आहे, म्हणजे त्या एका शब्दानं आमच्या आज्याला गुन्हेगारच केलं की. कुणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मावशीला आम्ही अजून सांगितलेलं नाही.

स्टुडिओवाला, खडेबाजार
मी आता आधी विचारतो. मराठीत "काढू काय?" आणि कन्नड माणूस असला तर "फोटो तेगीला?" निम्मे नको म्हणतात. हो म्हणणारे केस सारखे करतात, ताठ बसतात, पाहिजे होता तो क्षण जातोच. मग ताठ बसलेलाच काढतो आणि त्यांना दाखवतो.