नॉर्वेजियन 'त्रूए' आणि 'मेड'-'तिल'चा घोळ

थ्रेटन, इंटिमिडेट आणि ब्लॅकमेल या तिन्ही इंग्रजी शब्दांसाठी नॉर्वेजियनमध्ये 'त्रुस्सेल' चालेल असं कुणी सांगतं. ते पुरेसं नाही. त्रुस्सेल म्हणजे फक्त धमकी, तेही नाम, अनेकवचन त्रुस्लेर. क्रियापद 'त्रूए'. रोमन लिपीत ते इंग्रजी 'ट्रू'सारखंच लिहितात, त्यामुळे नवशिके हमखास फसतात.

खरी मेख पुढच्या शब्दात आहे. 'हान त्रूएत मेड ओ रिंगे पोलिटिए' म्हणजे त्याने पोलिसांना फोन करण्याची धमकी दिली. फोन करणार तो स्वतः. 'हान त्रूएत हाम तिल ओ तिए' म्हणजे त्याने दुसऱ्याला धमकावून गप्प बसवलं. 'मेड'च्या जागी 'तिल' पडलं की कृती करणारा माणूसच बदलतो. हे आधी घोटून घ्या, बाकीचं सोपं आहे.

इंटिमिडेटला, म्हणजे आपल्या दमदाटीला, रोजच्या बोलण्यात नेमका प्रतिशब्द नाही. उघड धमकी असेल तर त्रूए. नुसता धाक घातला असेल तर 'स्क्रेम्मे'. मात्र दाराआडून 'भॉ' करणंही स्क्रेम्मेच, म्हणून गंभीर मजकुरात एकटा हा शब्द फिका पडतो.

ब्लॅकमेल आणि एक्सटॉर्शन (खंडणी उकळणं) दोन्हींना 'ऊटप्रेसिंग'; ऊट म्हणजे बाहेर, प्रेसे म्हणजे दाबणे, थोडक्यात पिळून काढणं. जिवे मारण्याची धमकी 'द्रापस्त्रुस्सेल', त्यातला मधला स गाळू नका.

आणि बातमीत 'त्रूएदे आर्तेर' दिसलं तर तिथे कुणी कुणाला धमकावत नाहीये, त्या संकटग्रस्त प्रजाती आहेत.