सहा वर्षांच्या मुलीला कोडिंगची ओळख कशी करून द्यावी?

मुक्ताची आई: तिला पडद्यासमोर फार वेळ न बसवता कोडिंगची गोडी कशी लावता येईल?

प्राथमिक शिक्षिका: सुरुवात फरशीवरच करा. खडूने चौकटी आखून एकीत चिंच ठेवा. चिंचेपर्यंत पोहोचण्यासाठी ‘दोन घरे पुढे’, ‘उजवीकडे वळा’ अशा चिठ्ठ्या तिने आधी ओळीने लावाव्यात आणि तुम्ही त्या अक्षरशः पाळाव्यात. तुम्ही भिंतीशी जाऊन थांबलात, की कोणती चिठ्ठी चुकली हे ती स्वतःच शोधू लागते. १९६७ सालच्या लोगो या मुलांसाठीच्या संगणक भाषेतील कासवही पुढे अशाच आज्ञांवर चालू लागले.

मुक्ताची आई: तिचा डावे-उजवे गोंधळ होतो.

प्राथमिक शिक्षिका: उजव्या मनगटाला लाल दोरा बांधा.

संगणक अभियंता: नंतर स्क्रॅचज्युनियर हे कोडिंगचे ॲप द्या. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी ते २०१४ साली आले, मोफत आहे आणि त्यातील आज्ञांच्या ठोकळ्यांवर चित्रे असल्याने वाचता येण्याची अट नाही. मात्र शेजारी बसा.