टॅबपेक्षा आधी दुसरी शिक्षिका

या चर्चेत एकांनी सुचवलंय की गोव्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला सरकारने टॅब द्यावा, म्हणजे सगळ्यांना समान संधी. हेतू चांगला आहे, पण मला ते पटत नाही. सगळ्यांना सारखंच वाटून दिलं की ज्याच्याकडे आधीच आहे त्यालाच आणखी मिळतं.

१९६३ नंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या. माझी आई, घरातली पहिली शिकलेली बाई, त्यातल्याच एका शाळेत शिकली. तेव्हा पैसा थेट वाड्यावस्त्यांवर पोचला.

आज सत्तरी तालुक्यातल्या आमच्या शाळेत चार वर्गांना एकच बाई आहेत. तिसरीला गुणाकार घालून दिला की त्या पहिलीच्या पोरांकडे वळतात, तोवर चौथीची मुलं पाढे म्हणत बसतात. बाई माध्यान्ह आहाराची नोंद करायला गेल्या की वर्ग उघडाच. शिक्षण हक्क कायद्यात ६० मुलांपर्यंत निदान दोन शिक्षक हवेत असं स्पष्ट लिहिलंय. तरी पट कमी म्हणून दुसरी जागा भरत नाहीत, आणि बाई एकट्याच म्हणून पालक मुलं काढून वाळपई शहरातल्या शाळेत घालतात. पट आणखी घटतो!

म्हणून माझ्या मते पैसा आधी पहिली-दुसरीवर, आणि जिथे गरज जास्त तिथे जास्त. खर्च किती झाला यापेक्षा तिसरीतलं मूल धडा अडखळत वाचतं की सरळ, हे दरवर्षी वर्गात बसून बघा. बसचंही तेच, जिथे गरज जास्त तिथे आधी द्या; अकरावीतल्या मुली शेवटची गाडी चुकेल म्हणून प्रॅक्टिकल अर्धं सोडून निघतात.