दुसरीच्या वर्गात पालकांनी वाचन घ्यायचं आहे, नेमकं कसं?

प्रश्न (पालक, परळ)
नमस्कार. मुलगी अनुदानित मराठी शाळेत दुसरीत आहे, वर्गात 32 मुलं. दिवाळीपर्यंत प्रत्येक मुलाला अनोळखी धडा वाचता यावा असं बाई म्हणतात, आम्हालाही तेच हवंय. आठ पालक आठवड्यातून दोन दिवस येऊ शकतात. करायचं काय? लुडबूडही व्हायला नको.

उत्तर 1 (प्राथमिक शिक्षिका)
ताई, आधी प्रत्येक मुलाची पायरी बाईंनी स्वतः तपासावी: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. 'प्रथम' या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेच्या 'असर' वाचन चाचणीत याच पायऱ्या आहेत. एका मुलाला तीन-चार मिनिटं लागतात, म्हणजे तीन दिवसांत वर्ग होतो. मग पायरीनुसार पाच-सहा मुलांचे सहा गट करा, परिपाठानंतर 20 मिनिटं. स्वतःचं मूल स्वतःच्या गटात अजिबात नको, ते आईकडे बघून वाचतं.

गडबड होते ती मूल अडलं की. 'सूर्य'चं 'सूयर' वाचलं आणि मोठ्यांनी लगेच शब्द सांगून टाकला, तर पुढच्या शब्दालाही मूल थांबतं आणि वर बघतं. मनात पाचपर्यंत मोजा. तरी जमलं नाही तर रफारावर बोट ठेवा: "हा र आधी, मग य." र चार रूपांत येतो: सूर्य, चक्र, ट्रक, दऱ्या. या चारांची कार्डं करून ठेवा, दुसरीतली बरीच अडखळ इथेच असते.

'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या वाचन-गणित अभियानात दुसरीअखेर मिनिटाला 45 ते 60 शब्द, तेही समजून, अशी अपेक्षा आहे. पण घड्याळ महिन्यातून एकदाच लावा. रोज लावलं तर मुलं पूर्णविराम गिळून पळत सुटतात. वाचून झाल्यावर "मग काय झालं?" एवढं विचारलंत तरी समजलंय की नाही ते कळतं.

उत्तर 2 (शाळा व्यवस्थापन समिती सदस्य)
शाळा अनुदानित आहे, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, 2009 चं कलम 21 लागू. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. उपक्रम बैठकीत मांडा. वर्ग, वार, वेळ आणि पालकांची नावं इतिवृत्तात येऊ द्या. तोंडी परवानगीवर चाललेलं काम मुख्याध्यापक बदलले की बंद पडतं. सहा गटांना सहा पालक आणि दोन राखीव ठेवा. जुलैत रुळांवर पाणी भरलं की कुणीतरी अडकतंच.

उत्तर 3 (वाचनालय कार्यकर्ती)
पुस्तकं 'स्टोरीवीव्हर' या वेबसाइटवर मराठीत मोफत आहेत, छापताही येतात. पातळी 1 आणि 2 पासून घ्या. कोणाचं मूल कुठल्या पायरीवर आहे हे व्हॉट्सॲप गटावर कधीही टाकू नका.

प्रश्नकर्ती
खूप आभार. "माझ्या मुलाला वरच्या गटात घ्या" असा हट्ट धरणाऱ्यांना काय सांगायचं?

उत्तर 1 (प्राथमिक शिक्षिका)
त्यांच्यासमोर मुलाला अनोळखी परिच्छेद वाचायला द्या, बाकी मुलांची नोंदवही दाखवू नका. गट दर सहा आठवड्यांनी नव्याने तपासून बदलतात, हेही सांगा. लागोपाठ दोन तपासण्यांत मूल त्याच पायरीवर राहिलं, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगा आणि बाईंनी त्याला रोज दहा मिनिटं एकट्याला बसवावं.